कल्नारीचं भस्म

घंटा तीनदा वाजली आणि छतातून देवी उतरायला लागली.

मल्लेश्वरमच्या शारदा मंगल कार्यालयात त्या संध्याकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. बेंगळुरात पूर्वी कधीतरी स्थिरावलेल्या मराठी घरांनी मिळून बांधलेली ही वास्तू, वय शंभराच्या आसपास. ट्रस्टनं आता ती पाडायला काढली होती, आणि म्हणे, पाडणार हे कळताच इथली देवी जागी झाली होती. मग काय, इंदिरानगरातल्या ऑफिसांतून गळ्यातलं ओळखपत्रही न काढता थेट आलेली पुण्या-नागपूरकडची मुलंमुली, येलहंक्याहून दोन बस बदलून आलेल्या म्हाताऱ्या, शेजारपाजारचे कन्नड अण्णा आणि अक्का, सगळ्यांच्या माना वर. सागवानी छताच्या मधोमध उष्मा बाहेर जाण्यासाठी कोरलेली एक गोल जाळी होती. त्या जाळीतून पांढरंशुभ्र, मऊ असं काहीतरी भुरभुरत खाली येत होतं. राख म्हणावी तर राखेहून पांढरं, कापूस म्हणावा तर कापसाहून बारीक. लोकांनी ओंजळी पुढं केल्या होत्या. काहींनी तर तोंडं उघडली होती.

व्यासपीठावर चौरंगावर त्रिविक्रम महाराज बसले होते. त्यांच्या नाकातोंडावर ओलं भगवं वस्त्र घट्ट बांधलेलं, कारण देवीला माणसाचा उष्टा श्वास लागता कामा नये. त्या वस्त्रातूनच ते माइकवर बोलत होते.

"देवीला बाहेर काय शोधता? श्वासानं आत घ्या. दमा आहे? दोनदा घ्या. एकदा आत गेली की कल्नारी माता तुम्हाला सोडून जात नाही. जन्मभर जात नाही."

या एका बाबतीत महाराज शंभर टक्के खरं बोलत होते. बाकीचं सगळं खोटं होतं.

आज पहिल्यांदाच आरतीला आलेल्या, दाराशी उभ्या असलेल्या कस्तुरीनं ओढणी नाकाशी धरली आणि एक पाऊल मागं घेतलं. शेजारच्या बाईनं तिला कोपरानं ढोसलं, देवीसमोर नाक दाबतात का म्हणून. कस्तुरीचं तिकडं लक्ष नव्हतं. ती वरच्या जाळीकडं बघत होती. त्या जाळीच्या वर काय आहे ते या गर्दीत तिला एकटीलाच ठाऊक होतं.

कस्तुरी मूळची निपाणीची. नोकरी अशी, की चार माणसांत सांगायला गेलं तर निम्मे लोक मध्येच विषय बदलतात. जुनी इमारत पाडण्याआधी तिच्या भिंतींत, रंगात, नळ्यांत, छतात घातक असं काय दडलंय ते तपासायचं आणि लिहून द्यायचं. तिचा थोरला भाऊ पिराजी शेजाऱ्यांना सांगायचा, "आमची कस्तुरी घराचं पोट तपासते. घर जायच्या आधी." या कार्यालयाचंही पोट तिनंच तपासायचं होतं, कारण नव्या इमारतीला कर्ज देणाऱ्या परदेशी संस्थेची तशी अट होती. दोन महिन्यांपूर्वी ती पहिल्या पाहणीला आली तेव्हा पोटमाळ्याची किल्ली सापडली नव्हती. दाराच्या फटीतून बॅटरी मारून तिनं बघितलं होतं. मागच्या बॉयलरमधून वऱ्हाडाच्या खोल्यांना गरम पाणी न्यायला घातलेल्या जुन्या नळ्या, आणि त्यांच्यावर चार बोटं जाड पांढरं लिंपण. तेच लिंपण आता लोकांच्या ओंजळीत पडत होतं.

आणि पहिल्या रांगेत, व्यासपीठाला खेटून, हातात खराटा घेऊन तिची वहिनी बसली होती.

चंपा वहिनी सत्तावीस वर्षांची. लग्न होऊन वर्ष झालेलं. निपाणीजवळच्या गावातून उचलून बेंगळुरात आणून ठेवली, तर इथं तिला बोलायला माणूस नाही. पिराजी पहाटे गाडी घेऊन जायचा तो रात्री यायचा. कन्नड तिला बाजारापुरतं यायचं, स्वल्प म्हणजे थोडं आणि सरी म्हणजे बरं, एवढ्यावर संपायचं. मग एक दिवस कुणी तिला कार्यालयात नेलं, आणि तिथं शंभर बायका मराठीत बोलत होत्या. तिला सेवा मिळाली. रोज सकाळी जमिनीवरचं भस्म खराट्यानं गोळा करायचं, पुड्या बांधायच्या आणि दुपारभर बायकांबरोबर बसून त्याच्या वाती वळायच्या. देवीची वात, कधी न जळणारी. एवढी खुशीत ती लग्नातही दिसली नव्हती, आणि हे कस्तुरीनं डोळ्यांनी बघितलं होतं. म्हणून तर तिला सांगायचं कसं, हा प्रश्न होता.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर कस्तुरीनं सांगितलं. आवाज चढू न देता, साध्या शब्दांत. हे भस्म नाही, हे बहुतेक ॲस्बेस्टॉस आहे. त्याचा तंतू केसाच्या कितीतरी पट बारीक असतो, नाकातून छातीत जातो आणि तिथंच रुततो. चंपानं सगळं ऐकून घेतलं. मग ती देवघरातली समई पुढं घेऊन आली. त्यात पांढरी वात होती.

"वन्सं, अकरा दिवस झाले. तेल संपतं, वात संपत नाही. ह्याला तुम्ही काय म्हणाल?"

"दगड कधी जळतो का वहिनी? तो दगडाचाच धागा आहे."

"दगडाचा कुठं धागा असतो?" चंपा हसली. मग तिनं निपाणीचा दाखला दिला. तिची आई तंबाखूच्या वखारीत काम करायची. तिथल्या धुळीनं दारातच शिंका यायच्या, डोळे गळायचे, माणूस खोकून खोकून अर्धा व्हायचा. धूळ वाईट असली की लगेच कळतं, हे चंपा लहानपणापासून बघत आली होती. "आणि ह्या भस्मानं मला एक शिंक नाही आली, वन्सं. चाळीस दिवस रोज झाडते मी. वाईट असतं तर कळलं नसतं का?"

याचं उत्तर कस्तुरीला ठाऊक होतं. वाईट असूनही कळत नाही, हीच तर त्याची खोड. तंबाखूची धूळ निदान भांडून तरी आत शिरते. हे मुकाट्यानं जातं आणि वीस-पंचवीस वर्षं मुकाट्यानं बसतं. चाळीस दिवस रोज, खराट्यानं, कोरडं. तिला वहिनीकडं बघवेना. तिनं ओल्या फडक्यात एक पुडी गुंडाळली, दोन पिशव्यांत घातली आणि दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत दिली.

तिथून ती रत्नाकर यांच्याकडं गेली. कार्यालय पाडायचं काम घेतलेले हे कंत्राटदार. मऊ बोलणारे, आल्यागेल्याला शहाळं पाजणारे. कस्तुरीनं विचारलं, पोटमाळा उघडला कुणी? रत्नाकर यांनी दोन्ही हात जोडले. मॅडम, देवीचं काम, आपण कोण? अठ्ठेचाळीस दिवसांचं व्रत, मंडल, चालू आहे, आज एक्केचाळिसावा. मंडल पुरं झालं की पुढच्याच दिवशी तुम्ही नमुने घ्या, किल्ली मी स्वतः आणून देतो. तुमच्या साहेबांशी बोलणं झालंय. आणि त्यांनी शहाळं पुढं केलं.

ते शहाळं हातात धरल्यावर कस्तुरीला पहिलं शहाळं आठवलं. दोन महिन्यांपूर्वी याच खुर्चीत बसून याच माणसाला तिनं सगळं समजावून सांगितलं होतं. लिंपण ॲस्बेस्टॉसचं निघालं तर कार्यालय सीलबंद करावं लागेल. शिकलेली माणसं आणावी लागतील, ते भिजवून, दुहेरी पिशव्यांत भरून, वेगळ्या खड्ड्यात पुरावं लागेल. तीन महिने तरी जातील. रत्नाकर यांनी तेव्हा मान हलवत विचारलं होतं, "आणि नाहीच सापडलं तर?" ती म्हणाली होती, नाही सापडलं तर महिन्यात पाडायला घ्या. आपण काय बोलून बसलो ते तिला आता समजायला लागलं. शहाळं तसंच टेबलावर ठेवून ती उठली.

कार्यालयाच्या मागच्या गल्लीत शिवलीला टीचर राहायच्या. सरकारी कन्नड शाळेत तीस वर्षं सहावी-सातवीला विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या, नवरा सोलापूरकडचा, त्यामुळं मराठीही झकास. त्यांच्या दारात पांढरे डाग पडलेले कस्तुरीला दिसले आणि ती आत शिरली. टीचर आधीच वैतागलेल्या होत्या. आरतीच्या भोंग्यानं नाही, तर रोज सकाळी वरून येणाऱ्या खरडण्याच्या आवाजानं. देवी खरडते का, असा त्यांचा सवाल होता.

कस्तुरीनं मोबाइलमधला फोटो दाखवला. व्यासपीठावर देवीची म्हणून पूजली जाणारी लाकडी फळी. पोटमाळ्यात सापडलेली, स्वयंभू. कुंकवानं माखलेली, खालची निम्मी झेंडूच्या माळेखाली झाकलेली. वर कन्नडमध्ये रंगवलेला एकच शब्द दिसत होता, त्याचंही शेवटचं अक्षर कुंकवानं अर्धं बुजलेलं. महाराजांनी तो सगळ्यांना फोड करून सांगितला होता: कलियुगात अवतरलेली नारी, ती कल्नारी. मराठी मंडळींना ते चटकन पटलं. त्यातल्या जुन्या घरांना कन्नड बोलता यायचं, वाचता यायचं नाही. नव्यांना बोलताही यायचं नाही. कन्नड भक्तांनी विचार केला, कल्लु म्हणजे दगड, दगडात देव असतोच, असेल मराठी लोकांची कुलदेवी. कस्तुरीनं स्वतः मराठी शाळेत शिकून पुढं सगळं इंग्रजीत केलेलं. तिनं तो शब्द महिनाभर पोस्टरवर बघितला होता आणि पुढं गेली होती.

शिवलीला टीचरनी चष्मा वर केला, फोटो मोठा केला आणि एकेक अक्षर बोटानं लावलं.

"ही देवी मी तीस वर्षं फळ्यावर लिहिली," त्या म्हणाल्या. "सातवीचं पुस्तक. कल्नारु. कल्लु म्हणजे दगड, नारु म्हणजे धागा. न जळणारा दगडी धागा. तुझ्या इंग्रजीत काय म्हणतात त्याला?"

कस्तुरीनं सांगितलं, ॲस्बेस्टॉस.

"मग खाली काय लिहिलंय ते मी फुलं न काढता सांगते," टीचर म्हणाल्या. "पण आपण फुलं काढूनच बघू."

प्रयोगशाळेचा अहवाल चार दिवसांनी आला. कस्तुरीला तो उघडायचीही गरज नव्हती, तरी तिनं तीनदा वाचला. संबंधित सरकारी खात्याला तिनं तातडीचं पत्र दिलं. तिथं तिला सांगण्यात आलं की अधिकारी उद्या येतील. पण आरती आज होती, आणि चारशे माणसं आज तोंड वर करून उभी राहणार होती.

पोटमाळ्याची एक किल्ली रत्नाकर यांच्याकडं असायची आणि दुसरी त्या दाराची पूजा करणाऱ्या सेवेकरणीकडं, म्हणजे चंपाकडं. कस्तुरीनं ती मागितली तेव्हा चंपानं ती मुठीत आवळली. देवीच्या खोलीत कुणी जायचं नाही असा महाराजांचा दंडक होता. मग हळूच म्हणाली, की महाराज स्वतःही तिथं कधी जात नाहीत. आणि एकदा ती त्यांना नमस्कार करायला वाकली, तेव्हा तिच्या पदराचं भस्म त्यांच्या मांडीवर सांडलं, तर ते विंचू चावल्यासारखे उठले आणि ओल्या पंच्यानं मांडी पुसत बसले. तेव्हापासून हे तिच्या मनात होतं. कुणाला बोलली नव्हती. तिनं किल्ली दिली.

दुपारी तीनला, कार्यालय रिकामं असताना, कस्तुरीनं पांढरा बंद झगा आणि गाळणीचा मुखवटा चढवला आणि एकटी जिना चढली. चंपाला तिनं बाहेर रस्त्यावर, टीचरांपाशी उभं केलं होतं.

आत काळोख नव्हता. कौलांमधून उन्हाच्या तिरिपा येत होत्या, आणि त्या तिरिपांत पांढरं काहीतरी तरंगत होतं, ते खाली बसतच नव्हतं. कस्तुरीनं श्वास रोखला, मुखवटा असूनही रोखला. नळ्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत गेल्या होत्या, आणि त्या उघड्या होत्या. दोन महिन्यांपूर्वी फटीतून दिसलेलं लिंपण जवळजवळ सगळं गेलं होतं, गंजलेलं लोखंड तेवढं राहिलेलं. खाली तारेचे दोन ब्रश पडले होते, तोंडाला बांधायची दोन फडकी पडली होती. जाळीच्या बरोबर वर एक मोठा पंखा आडवा निजवून ठेवला होता, आणि त्याच्यासमोर पत्र्याच्या ताटात खरडलेला ढीग. पंख्याची वायर भिंतीतल्या छिद्रातून खाली गेली होती. शेवटच्या कोपऱ्यात हातभर लिंपण अजून शाबूत होतं. तीन-चार दिवसांचं काम. मंडल संपायलाही नेमके तेवढेच दिवस होते.

तेव्हा तिला सगळं दिसलं. हा भोंदूगिरीचा नुसता खेळ नव्हता. ही सफाई होती. तीन महिने, शिकलेली माणसं, वेगळा खड्डा, हे सगळं रत्नाकर यांनी वाचवलं होतं. विष बाहेर काढायला त्यांनी भक्त लावले होते. रोज अडीचशे पुड्या, बोटाच्या पेराएवढ्या, कपाळाला लावून, पदरात बांधून, बसमधून, मेट्रोमधून, बेंगळुराच्या घराघरांत. अठ्ठेचाळिसाव्या दिवशी देवी अंतर्धान पावली असती, एकोणपन्नासाव्या दिवशी कस्तुरीनं येऊन उघड्या नळ्या बघितल्या असत्या आणि नमुन्याला काही उरलंच नाही म्हणून आपल्या हातानं लिहून दिलं असतं, काही सापडलं नाही.

तिनं फोटो काढले. ताटावर ओलं फडकं पसरलं. मग पंख्याची वायर तोडून टाकली.

संध्याकाळी पुन्हा गर्दी. पुन्हा कापूर, टाळ, माना वर. महाराजांनी पंचेचाळिसावा दिवस असल्याचं माइकवरून सांगितलं, आजवर अकरा हजार घरांत माता पोचल्याचं सांगितलं, आणि घंटा वाजवली. एक, दोन, तीन.

काही पडलं नाही.

त्यांनी पुन्हा घंटा वाजवली. टाळ थांबले होते, त्यामुळं दुसरा एक आवाज सगळ्यांना ऐकू आला. चौरंगाच्या खालून येणारी खटखट. पहिल्या रांगेत बसलेल्या चंपानं मान वाकवून बघितलं. चौरंगाच्या झालरीआड महाराजांचा डावा पाय एका बटणावर पडत होता, शिवणयंत्र चालवावं तसा. खट, खट, खट. वरची जाळी जशीच्या तशी.

"मातेचा कोप झालाय," महाराज म्हणाले. "कुणीतरी विटाळ केला. कुणी वर गेलं होतं?"

"मी गेले होते," कस्तुरी मागून म्हणाली. "पंखा बंद केला."

गर्दी वळली. काही जण तिच्या अंगावर धावून जायच्या बेतात होते. पण तेवढ्यात शिवलीला टीचर व्यासपीठावर चढल्या होत्या, आणि पांढऱ्या केसांच्या मास्तरीणबाईंना खाली ओढायला कुणाचा हात उठेना. त्यांच्या तोंडाला ओलं फडकं होतं, महाराजांसारखंच. हातात ओला पंचा. त्यांनी फळीवरची झेंडूची माळ उचलली, पंच्यानं कुंकू पुसलं, आणि सातवीच्या वर्गाला वाचून दाखवावं तसं एकेक अक्षर वाचलं.

"कल्नारु होदिके. मुट्टबेडि." मग मराठीत: "कल्नारु म्हणजे ॲस्बेस्टॉस. ॲस्बेस्टॉसचं वेष्टण. हात लावू नका. ही देवी नाही रे बाबांनो, ही पाटी आहे. कुणातरी शहाण्या माणसानं आपल्यासाठी लावून ठेवलेली."

कन्नड येणाऱ्यांतून एक कुजबुज उठली आणि सभागृहभर पसरत गेली. मुट्टबेडि हा शब्द सगळ्यांना येत होता. भाजीवालीपासून बसच्या कंडक्टरपर्यंत बेंगळुरात रोज कुणी ना कुणी तो म्हणतंच.

महाराज उठले. माता परीक्षा घेते, माता पाटीच्या रूपानंही येते, असं काहीबाही ते बोलू लागले. तेव्हा चंपा उभी राहिली. 

"महाराज, एक करा. तोंडावरचं फडकं काढा आणि ही पुडी हुंगा. आम्हाला सांगता तशी, दोनदा."

तिनं पुडी उघडली नाही, नुसती पुढं केली. महाराज मागं सरले, एक पाऊल, दोन, आणि चौरंगाला अडखळले. त्यांच्याकडं बघणाऱ्या चारशे माणसांना पुढं काही समजावून सांगायची गरज पडली नाही. तरी कस्तुरीनं सांगितलं. नळ्यांचे फोटो, पंखा, तारेचे ब्रश, तिची स्वतःची दोन महिन्यांपूर्वीची सूचना आणि ती कुणाच्या हातात पडली ते. रत्नाकर दाराशी उभे होते. त्यांचं नाव निघेपर्यंत ते दिसेनासे झाले होते. तिनं लोकांना विनवलं, की कुणीही धावू नका, पदर झटकू नका, हळूहळू बाहेर चला. लोक हळू गेले. एक म्हातारे गृहस्थ मात्र जिभेवरून रुमाल फिरवत पायरीवरच बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी अधिकारी आले, कार्यालयाला सील लागलं, गुन्हा नोंदला गेला. गर्दीतून निसटलेले महाराज दोन आठवड्यांनी सापडले, रत्नाकर अजून सापडलेले नाहीत. वर खरडायला लावलेले दोन मजूरही सापडले. त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं, त्यांची छाती कस्तुरीनं डॉक्टरांकडून तपासून घेतली. चंपाचीही घेतली. छातीचा फोटो अगदी स्वच्छ आला.

दवाखान्याच्या पायरीवर चंपानं विचारलं, "म्हणजे काही झालं नाही ना मला, वन्सं?"

कस्तुरीला खोटं बोलावंसं वाटलं. आयुष्यात इतकं कधी वाटलं नव्हतं. पण खोट्यानंच तर हे सगळं केलं होतं.

"आज काही दिसत नाही," ती म्हणाली. "कदाचित कधीच काही होणार नाही. झालं तर वीस-पंचवीस वर्षांनी कळेल. तोवर कुठलाच डॉक्टर नक्की सांगू शकत नाही."

चंपानं बोटांवर मोजलं. पन्नाशी. मग ती कस्तुरीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, आणि कस्तुरीही रडली, भर दुपारी, रस्त्यावरच्या लोकांदेखत. पोटमाळ्याला किल्ली नाही म्हणून त्या दिवशी मी परत का फिरले, एवढंच तिच्या मनात येत होतं.

तेव्हापासून चंपा दर रविवारी पुड्या गोळा करायला जाते. टीचर बरोबर असतात. टीचरांकडून ती कन्नड लिहायला-वाचायलाही शिकते आहे. ओलं फडकं, दोन पिशव्या, चिकटपट्टी. काही घरांत लोक पुडी आणून देतात. पुष्कळ घरांत दार लोटतात. देवीचं आहे, असू दे, तुमचं काय जातं, म्हणतात. एकांनी तर ती पुडी नव्या घराच्या पायात पुरली होती.

मागच्या रविवारी त्या येलहंक्याला गेल्या होत्या. आतल्या खोलीत पाळणा होता, पाळण्यात पाच महिन्यांची मुलगी, आणि खेळण्यांच्या मधोमध, दोऱ्याला बांधलेली, कागद फाटायला आलेली पुडी. पाळणा हलला की पुडी हलत होती. चंपानं न राहवून हात पुढं केला. कोपऱ्यात बसलेली अज्जी कडाडली, "मुट्टबेडि."

चंपाचा हात तिथंच थांबला.

"होय अज्जी," ती आपल्या मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये म्हणाली. "त्या फळीवर हेच लिहिलं होतं. मला तेव्हा वाचता येत नव्हतं. मी चाळीस दिवस हात लावला."

अज्जीनं पुडीकडं बघितलं. मग ती उठली, तिनं आधी मुलीला पाळण्यातून बाहेर काढलं, उराशी धरलं, आणि दारापर्यंत जाऊन मागं न बघता म्हणाली, घेऊन जा.

ती चारशे बारावी पुडी. अकरा हजारांतली.

बाकीच्या कुठं असतील ते कुणालाच ठाऊक नाही. देवघरात असतील, गल्ल्यात असतील, उशीखाली, गाडीच्या आरशाला, कुणाच्या समईत वात होऊन तेवत असतील. तुमच्याकडं असेल तर झटकू नका, फेकू नका, ओल्या फडक्यात गुंडाळून कळवा. नसेल तरीही उद्या कुणी काही हातावर ठेवलं की दोनच गोष्टी विचारा: हे काय आहे, आणि देणाऱ्यानं स्वतःचं नाक का बांधलंय. विचारलं म्हणून कुठला देव रागावत नाही. रागावतो तो माणूस असतो, आणि त्याच्या चौरंगाखाली एकदा वाकून बघायला हवं.